सवलत कुणाची, कारखाना कुणाचा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. संपादक मंडळाच्या सांगण्यावरून नंतर लिहून काढले.)



चाळीस वर्षांनी या पटांगणात उभा आहे आणि माईक हातात आला की अजूनही वाटतं, आता गणिताचे सर उठून म्हणतील, "आधी शर्ट खोच." सर समोरच बसलेत. सर, खोचलाय.

संयोजकांनी मला सांगितलं, तू सीए आहेस, कारखान्यांची कामं करतोस, तर बिडकीनला जे इलेक्ट्रिक गाड्यांचे कारखाने येतायत त्याबद्दल अर्धा तास बोल. कारण सकाळी नाश्त्याला प्रत्येक टेबलावर तोच विषय चालला होता. कुणाच्या पोराला तिथे नोकरी लागेल का, कुणाचा उरलेला दोन एकरांचा तुकडा आता काय भावाने जाईल, आणि "सरकार ह्यांना एवढे पैसे देतं म्हणे, खरं का?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हो, खरं आहे. पण पैसे "देतं" म्हणजे पोतं भरून देत नाही. आपल्या राज्यात याला सामूहिक प्रोत्साहन योजना म्हणतात. ती आजची नाही, १९६४ची आहे. मुंबई-ठाणे-पुण्यातली गर्दी कमी व्हावी आणि कारखाने मागास भागात जावेत, हा मूळ हेतू. त्यासाठी तालुक्यांचे गट केले. ए, बी, सी, डी आणि पुढे डी प्लस. जितका तालुका मागास तितकी सवलत जास्त. आपण शाळेत होतो तेव्हा मोठी माणसं "डी झोन, डी झोन" म्हणायची, ते हेच. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९८५ला, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि आपल्यातली निम्मी मुलं पुढे कधी ना कधी त्या रस्त्याला लागली. त्यामुळे सवलतीने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या पिढीचं पोट त्यावर भरलं आहे.

पण दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे, आणि त्यात माझाही हात आहे. तो भाग आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगतो.

१९९०च्या सुमारास मी आर्टिकलशिप करत होतो. तेव्हा सवलत विक्रीकरात असायची. कारखान्याने गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घ्यायचा, पण सरकारला लगेच भरायचा नाही. काही वर्षं तो बिनव्याजी वापरायचा, मग हप्त्याने फेडायचा. काहींना तर तो माफच असायचा. त्यासाठी पात्रता प्रमाणपत्र लागायचं आणि दरवर्षी कागद भरावे लागायचे. आमच्या ऑफिसकडे प्लॅस्टिक मोल्डिंगचा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. त्याचे कागद मी भरायचो. त्यात एक रकाना होता, "कामगार संख्या". मी दरवर्षी लिहायचो, ६२. त्या ६२मध्ये आपल्या वर्गातला एकजण होता. तो आज इथे बसलाय आणि मी त्याला विचारूनच हे सांगतोय. सवलतीची मुदत ज्या वर्षी संपली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मालकाने मशिनं ट्रकवर घातली. सुट्टी संपवून हा कामावर गेला तर शेडला कुलूप आणि आत नुसते पायाचे बोल्ट. मला हे कधी कळलं? पुढच्या वर्षी कागद भरायला आले नाहीत तेव्हा. मुदत संपल्यावर कामगार संख्येचा रकानाच नव्हता. विचारणारं कुणी नव्हतं. मीही विचारलं नाही.

त्यानंतर कुठल्याही कारखान्याच्या सवलतीची बातमी आली की मी आकडा नंतर बघतो, आधी अटी बघतो. आज तुम्हालाही तेवढंच सांगायचं आहे.

आता आपल्या दारातली गोष्ट. २०२४च्या उन्हाळ्यापासून तीन मोठ्या घोषणा झाल्या. अथर एनर्जी, इलेक्ट्रिक स्कूटरवाली, दोन हजार कोटी रुपये आणि सुमारे चार हजार रोजगार. टोयोटा किर्लोस्कर, वीस हजार कोटी आणि आठ हजार थेट रोजगार. जेएसडब्ल्यू ग्रीन मोबिलिटी, सत्तावीस हजार दोनशे कोटी आणि पाच हजार दोनशे रोजगार. हे घोषणेतले आकडे आहेत, प्रत्यक्षातले नव्हेत. करार होणं वेगळं आणि गेटवर हजेरी लागणं वेगळं.

सरांनी आपल्याला त्रैराशिक शिकवलं ते इथे लावून बघा. अथरच्या आकड्यात एका नोकरीमागे पन्नास लाखांची गुंतवणूक येते. टोयोटात अडीच कोटी. जेएसडब्ल्यूत सव्वापाच कोटी. म्हणजे एक कारखाना दुसऱ्यापेक्षा वाईट असं नाही. स्कूटर जोडायला हात जास्त लागतात, मोटार बनवायला रोबो जास्त लागतात. पण सवलतीची कमाल मर्यादा कशावर ठरते? स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या टक्केवारीवर. जमीन, इमारत, मशिनं. रोबो घेतला तर मर्यादा वाढते. त्याच पैशात वीस वेल्डर ठेवले तर त्यांचा पगार त्या हिशोबात येत नाही. मोठ्या प्रकल्पाचा दर्जा मिळवायलाही नियम असा असतो की ठरावीक गुंतवणूक "किंवा" ठरावीक रोजगार. त्या "किंवा"कडे लक्ष द्या. मराठीच्या बाई उभयान्वयी अव्यय शिकवताना म्हणायच्या की एवढासा शब्द वाक्य फिरवतो. बाई, हा शब्द हजारो कोटी फिरवतो.

बॅटरीचा कारखाना हा तर आणखी वेगळा प्रकार. "बॅटरीचा कारखाना येतोय" असं ऐकलं की विचारायचं, सेल बनवणार की पॅक? पॅक म्हणजे बाहेरून आलेले सेल, बहुतेक चीनमधले, ओळीने बसवायचे, जोडायचे, त्यावर नियंत्रणाचं इलेक्ट्रॉनिक सर्किट लावायचं आणि डब्यात बंद करायचे. हे चांगलं काम आहे, आपली आयटीआय झालेली मुलंमुली ते शिकू शकतात. पण असा कारखाना जसा पटकन उभा राहतो तसा पटकन उचलताही येतो. सेल बनवणं म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर रसायनाचा लेप द्यायचा, तो वाळवायचा, आर्द्रता जवळजवळ नाहीच अशा बंद खोल्यांत जोडणी करायची. प्रचंड भांडवल, प्रचंड वीज. तो कारखाना सहजासहजी हलत नाही. केंद्र सरकारने २०२१ला सेलसाठी जी १८,१०० कोटींची योजना काढली तिच्यात अट आहे की दोन वर्षांत मालाच्या किमतीतला किमान २५ टक्के भाग देशात तयार झाला पाहिजे आणि पाच वर्षांत ६० टक्के. ती योजना किती यशस्वी झाली हा वेगळा वाद. पण अट कशी लिहावी याचा तो नमुना आहे. नुसता डबा जोडलास तर पैसे नाहीत, असं त्यात स्वच्छ म्हटलंय.

आता थोडं कराबद्दल, कंटाळा करू नका. जुनी सवलत विक्रीकरातून मिळायची, नंतर ती राज्याच्या वाट्याच्या जीएसटीतून परताव्याच्या रूपाने मिळू लागली. पण जीएसटी माल जिथे खपतो तिथल्या राज्याला जातो. बिडकीनला बनलेली स्कूटर जयपूरला विकली तर तिचा कर राजस्थानला. परतावा फक्त महाराष्ट्रात खपलेल्या मालावर. शिवाय इलेक्ट्रिक वाहनावर जीएसटीच पाच टक्के, त्यातला राज्याचा वाटा अडीच. लाखाच्या स्कूटरवर अडीच हजार. पेट्रोलच्या स्कूटरवर परवाच्या सप्टेंबरपर्यंत २८ टक्के होता, म्हणजे राज्याचे चौदा हजार. आता तो अठरावर आलाय, तरी नऊ हजार होतात. म्हणजे ज्या मालासाठी राज्यांना कारखाना हवाय त्याच मालात परत द्यायला कर फारसा नाही. मग राज्यं काय करतात? गुंतवणुकीवर थेट अनुदान, उलाढालीवर अनुदान, स्वस्त जमीन, वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ. तमिळनाडूने २०२३च्या धोरणात असे पर्याय ठेवले. आपल्याकडे तेच चाललंय. पूर्वी सरकार न आलेला कर सोडायचं, आता तिजोरीत आलेला पैसा काढून द्यायला लागतं. हा फरक मोठा आहे, कारण तोच पैसा दुसरीकडे शाळेच्या छपरालाही लागतो. आपल्या जुन्या सातवीच्या वर्गाचं छप्पर तुम्ही सकाळी पाहिलंतच.

राज्याराज्यांतली ही चढाओढ नवी नाही. १९९९ला सगळ्या राज्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं की २००० सालच्या जानेवारीपासून विक्रीकराच्या सवलती बंद, कारण एकमेकांना मागे टाकता टाकता सगळ्यांचेच खिसे रिकामे होत होते. ठरवलं, आणि मग वेगळ्या नावाने पुन्हा सुरू झालं. २००८ला सिंगूरहून नॅनो गुजरातमध्ये साणंदला गेली तेव्हा अकराशे एकर जमीन आणि कराच्या बदल्यात नाममात्र व्याजाचं कर्ज असा व्यवहार झाला. नॅनो पुढे चालली नाही, २०१८ला बंद झाली. पण गोष्ट तिथे संपत नाही. तो कारखाना दुसऱ्या गाड्या बनवत राहिला. शेजारी फोर्डचा कारखाना आला, फोर्डने २०२१ला भारतातून उत्पादन गुंडाळलं, आणि २०२३च्या जानेवारीत टाटांनी तोही विकत घेतला, सुमारे ७२६ कोटींना, इलेक्ट्रिक गाड्या डोळ्यांसमोर ठेवून. ज्या गाडीसाठी सवलत दिली ती गाडी गेली. रस्ता, वीज, सुट्या भागांचे पुरवठादार आणि शिकलेले हात राहिले, म्हणून पुढचा आला. आपल्याकडे तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन २०२०च्या अखेरीस थांबलं. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. इमारतीला नवा मालक मिळाला, पण मधल्या काळात सुमारे चौदाशे कामगारांचं जे व्हायचं ते झालं. इमारत थांबू शकते, माणसाच्या घरचा हप्ता थांबत नाही.

तर मग आपल्या हातात काय? इथे मला एक मुद्दा तुमच्यापर्यंत नीट पोचवायचा आहे, कारण आपल्या भागाने तो अजून ओळखला आहे असं मला वाटत नाही.

२०२१ला महाराष्ट्राने इलेक्ट्रिक वाहन धोरण काढलं. त्यात म्हटलं की असा कारखाना राज्यात कुठेही काढा, त्याला डी प्लसचे फायदे मिळतील. चाकणला काढा नाहीतर बिडकीनला. म्हणजे १९८५ला जी गोष्ट कारखान्यांना आपल्याकडे ओढत होती, मागास भागाची जास्त सवलत, ती या उद्योगापुरती संपली. तरी ते बिडकीनला का येतायत? मोकळी, सलग, कागद स्वच्छ असलेली जमीन. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकर, त्यातली आठ हजाराच्या आसपास एकट्या बिडकीनला. रस्ते, गटारं, वीज, जायकवाडीचं पाणी तयार. जवळ समृद्धी महामार्ग. स्कूटर उत्तरेकडे पाठवायची तर होसूरपेक्षा इथून जवळ. सवलत सगळीकडे सारखी झाल्यावर निवड जमिनीवर येते, आणि ती जमीन कुणाची होती? या मांडवात बसलेल्यांपैकी अकरा घरांची तरी होती. मी सकाळी मोजली. एकरी तेवीस लाख मिळाले. काहींनी शहाणपणाने वापरले, काहींच्या दारात गाडी उभी राहिली आणि दोन वर्षांनी तीही गेली. त्यावर मी बोलणार नाही, हिशोब सांगणं सोपं असतं. पण पैसे मिळाले म्हणून आपला संबंध संपला, असं समजू नका. उद्योगाला मिळणारी खरी सवलत ती जमीन आहे, आणि ती आपल्याकडून गेली आहे. म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्कही आपल्याकडे आहे.

कोणते प्रश्न? पहिला "स्थानिक" या शब्दाचा. सवलत घेणाऱ्या कारखान्यात ८० टक्के स्थानिक माणसं हवीत असा नियम आहे, आणि आपले पुढारी भाषणात तो सांगतात. स्थानिक म्हणजे कोण, तर महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला. चंद्रपूरचा मुलगाही स्थानिक, सावंतवाडीचाही. तीही आपलीच लेकरं आहेत, माझी तक्रार नाही. पण नियम पाळला गेला तरी आपल्या पंचक्रोशीतला एकही मुलगा आत नसेल, असं होऊ शकतं. म्हणून ग्रामसभेने लेखी विचारावं की ज्या गावांची जमीन गेली त्या गावांतली किती मुलंमुली, कोणत्या कामावर, कायम की कंत्राटी, आणि पाच वर्षांनी किती. मी ज्या रकान्यात ६२ लिहायचो तो रकाना मुदतीनंतरही भरला गेला पाहिजे. असं पत्र लिहायला मी बसेन, पैसे घेणार नाही.

दुसरा प्रश्न वाळूजच्या आपल्याच मित्रांचा आहे. आपल्या वर्गातले तिघं छोटे कारखानदार आहेत. एकाकडे चौदा माणसं, गिअरबॉक्सचे भाग बनवतो. इलेक्ट्रिक स्कूटरला क्लच नाही, सायलेन्सर नाही, कार्ब्युरेटर नाही, इंजिनाचे शेकडो भाग नाहीत. नव्या कारखान्याला सवलत मिळते, पण जुन्याला नव्या कामाकडे वळायचं असेल तर नवी मशिनं घेतल्याशिवाय हातात फारसं काही पडत नाही, आणि त्याला बँक आधी विचारते, ऑर्डर कुठाय. मोठ्या कारखान्याला सवलत देताना इतका टक्के माल जिल्ह्यातल्या लघुउद्योगांकडून घे, एवढी एक अट घातली तर या चौदा माणसांचं उत्तर मिळतं. तो मित्र परवा मला म्हणाला, "माझं लेथ अजून दहा वर्षं चालेल रे, काम चालेल का ते सांग." मला सांगता आलं नाही.

बजाज चाळीस वर्षं टिकला आणि मोल्डिंगवाला पळाला, यात फरक काय होता? माझ्या मते, बजाजच्या भोवती पुरवठादार होते आणि शिकलेली माणसं होती. नव्वदच्या दशकात इथे इंडो-जर्मन टूल रूम आलं, तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं या पट्ट्यातल्या निम्म्या कारखान्यांत दिसतात. ते शिक्षण कुणी ट्रकवर घालून नेऊ शकलं नाही.

म्हणून आता शेवटचा विषय, आणि यावर मला शिव्या पडतील हे माहीत आहे. आपल्या बॅचने शाळेसाठी साडेसहा लाख जमवले आहेत. ठरलंय असं की दिवंगत मुख्याध्यापकांच्या नावाने प्रवेशद्वाराची कमान बांधायची. मला त्यांच्याबद्दल किती आदर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांनी माझी अकरावीची फी भरली होती. पण माझं म्हणणं, त्यांच्याच नावाने ती सातवीची खोली नीट करू आणि तिथे विजेच्या कामाची छोटी कार्यशाळा काढू. मल्टीमीटर, सोल्डरिंग, छोट्या मोटारी, धोक्याचा भाग काढून टाकलेली एक जुनी स्कूटरची बॅटरी उघडून दाखवायला, आणि आठवड्यातून दोन दिवस आयटीआयमधला एक निदेशक. आठवी ते दहावीची मुलं, आणि मुली तर नक्कीच. बॅटरी जोडणीच्या कामाला बारीक हात आणि लक्ष लागतं, तिथे मुलींना जागा आहे. साडेसहा लाखांत सगळं होणार नाही, छपराचेच दोन जातील. राहिलेलं मी आणि आणखी चौघं बघतो, त्यांना विचारलंय.

कमानीच्या बाजूच्यांनीही बोलावं. सकाळी एकाने मला सांगितलं, "कमान रस्त्यावरून दिसते, कार्यशाळा कुणाला दिसणार?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जेवणानंतर चार वाजता जुन्या चित्रकलेच्या वर्गात बसायचं ठरलंय. ग्रामसभेच्या पत्राचा कच्चा मसुदा मी आणला आहे, त्यावर सही करायची असेल त्यांनी चष्मा घेऊन या, अक्षर बारीक आहे. गुरुजनांची पंगत आधी बसेल, तेव्हा मी इथेच थांबतो.